गेरूचं वर्तुळ

या गोष्टीला फार वर्षं झालेली नाहीत. घाटमाथ्यावरच्या एका गावात, जिथं एकाच बाजारात मराठी आणि कानडी दोन्ही कानावर पडतात, केरबा मिस्त्री नावाचे एक वृद्ध कातारी राहत होते. लेथवर लाकूड फिरवून त्याला गोल आकार देणारा, तो कातारी. पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे कळस, लाटणी, वाडगे, लोकांनी जे मागावं ते मिस्त्रींनी लाकडातून काढून द्यावं, असा पन्नास वर्षांचा परिपाठ होता. स्वभाव शांत, बोलणं मोजकं. त्यांच्या कामात दोष काढलेला कुणाला आठवत नव्हता.

त्यांच्याकडे हेमलता नावाची एक बाई काम शिकायला आली होती. वय तिशीच्या पुढचं. त्याआधी दहा वर्षं ती शहरातल्या एका कारखान्यात लोखंडाच्या लेथवर काम करत होती. तो कारखाना बंद पडला, तशी ती माहेरच्या गावी परतली आणि मिस्त्रींपुढे येऊन म्हणाली, "मशीन मला येतं. लाकूड तेवढं शिकवा."

मशीन तिला येत होतं, यात शंका नाही. पण लोखंडाची सवय तिच्या मनगटात मुरली होती. लेथच्या तोंडाशी चक असतो. चक म्हणजे एक पोलादी मूठच. तिला चार जबडे असतात, आणि चावीनं ते आवळले की काम त्यांत धरलं जातं. लोखंडाच्या कारखान्यात पहिला धडा असतो तो चावी फिरेल तेवढी फिरवण्याचा. लोखंड कितीही आवळलं तरी कुरकुरत नाही.

दीड वर्ष बरं गेलं. मग एका सकाळी विपरीत घडलं. हेमलता एक मोठा वाडगा आतून कोरत होती आणि मिस्त्री समोर उभे राहून पाहत होते. कोरता कोरता वाडगा चकमधून सुटला, उसळला आणि थेट मिस्त्रींच्या डाव्या खांद्यावर आदळला. गळ्याचं हाड मोडलं. दोन महिने हात झोळीत होता. त्यानंतरही तो खांद्याच्या वर जाईना.

मिस्त्री तिला एका शब्दानं बोलले नाहीत. ते न बोलणंच तिला जास्त लागलं. रागावले असते तर रडून मोकळी तरी झाली असती. पण भेटायला गेली की ते फक्त विचारत, "काम चालू आहे ना?" आणि भिंतीकडे पाहत. तिनं त्याचा अर्थ आपल्यापरीनं लावला. आपल्या कच्च्या पकडीनं एका कारागिराचा हात निकामी झाला, हा तो अर्थ.

अपराधी मनाला बहुधा एकच उपाय सुचतो. जे निसटलं ते पुन्हा निसटू द्यायचं नाही. हेमलतानं पेटीतले सर्वांत तीक्ष्ण दातांचे जबडे निवडले. चावीच्या दांड्यावर हातभर लोखंडी नळी चढवली, म्हणजे जोर अधिक लागावा. त्या नळीवर ती सगळा भार टाकून लोंबकळे. काम सुटायचं थांबलं खरं, पण लाकूड फुटू लागलं. एकामागून एक तीन वाडगे बुडाशी चिरले. प्रत्येक वेळी तिला वाटे, लाकूडच ओलं असेल, आणि पुढचं काम ती आणखी घट्ट धरी. जेवण तुटलं, झोप उडाली. शेवटी तिनं भावाला फोन करून सांगितलं, "शहरात पॅकिंगचं काम मिळत असेल तर बघून ठेव. हे माझ्यानं होत नाही."

अशा दिवसांत मिरचीचे व्यापारी चन्नप्पा शेठ मिस्त्रींच्या कारखान्यात आले. दारात गाडी उभी करून त्यांनी एक जाड ठोकळा स्वतःच उचलून आत आणला आणि धाप लागली तरी वाटेत खाली ठेवला नाही.

"मिस्त्री, शिवणीचा आहे," शेठ म्हणाले. "आमच्या आईच्या, अव्वाच्या, माहेरच्या परड्यातलं झाड. वादळात पडलं त्याला नऊ वर्षं झाली. बाकीचं चौकटींना गेलं, हा एवढाच माळ्यावर वाळत राहिला."

"काय करायचं याचं?"

"काठवट."

मिस्त्रींनी मान वर केली. लाकडी काठवटीत पीठ मळणारी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

शेठनी कपाळावरचा घाम पुसला. मग सांगू लागले, "वैशाखात अव्वाची उजवी बाजू गेली. आता हाताची मूठ थोडी मिटते, उघडते. डॉक्टर म्हणतात पीठ मळू द्या, तोच व्यायाम. पण स्टीलची परात हाताखालून पळते. ती चिडते, पीठ तसंच टाकून भिंतीकडं तोंड करते. तीन महिन्यांत एक शब्द स्वतःहून बोलली नव्हती. परवा म्हणाली, आईची काठवट असती तर मळलं असतं. एवढंच म्हणाली. मी त्याच दिवशी माळ्यावर चढलो."

मिस्त्रींनी ठोकळ्यावरून हात फिरवला, बोटाच्या पेरानं दोन ठिकाणी ठोकून पाहिलं. "चांगलं वाळलंय. हेमा करील काठवट."

कोपऱ्यात पटाशीला धार लावत बसलेल्या हेमलताचे हात जागीच थांबले. गाडीचा आवाज दूर गेल्यावर ती उठून जवळ आली.

"मिस्त्री, माझ्या हातून नको. माझी तीन लाकडं फुटलीत. याला दुसरा ठोकळा नाही."

"माझा खांदा वर जात नाही," मिस्त्री म्हणाले. "पटाशी दाबून धरणं मला जमायचं नाही. मग कोण करणार, सांग."

हेमलतानं ठोकळा लेथपाशी सरकवत नेला.

पहिला दिवस ठीक गेला. ठोकळा लेथच्या तबकडीला स्क्रूनं जखडून तिनं काठवटीचा बाहेरचा आकार काढला. बुडाशी एक गोल खुंट राखला, कारण काठवट उलटी करून आतून कोरताना चकनं धरायचं ते या खुंटालाच. खुंट तिनं मुद्दाम चांगला रुंद ठेवला. जेवढं लाकूड जास्त तेवढी पकड पक्की, असा तिचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दातांचे जबडे पार फाकवले, तेव्हा कुठं खुंट आत गेला. चावीवर नळी चढवली. दोन्ही हातांनी धरून तिनं भार टाकला, पुन्हा टाकला, आणि तिसऱ्यांदा टाकताना लाकडातून एक बारीक आवाज आला. कट्.

नळी सोडून ती खाली वाकली. खुंटाभोवती, बुडावर, कडेला बोटं फिरवत राहिली. चीर दिसत नव्हती. पण आवाज तर झाला होता.

"थांब," मागून मिस्त्री म्हणाले. ते केव्हा उठून आले तिला कळलंही नव्हतं.

त्यांनी जबडे सैल केले, काठवट सोडवून उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली. दातांखालचा एक टवका तेवढा उडाला होता, लाकूड आतून शाबूत होतं. मग त्यांनी चावीवरची नळी काढून बाजूला टाकली. दातांचे चारही जबडे एकेक करून उतरवले आणि पेटीच्या तळातून दुसरे चार काढले. हे रुंद होते, आतून गुळगुळीत. मिस्त्री ते फडक्यानं पुसू लागले.

"यांना दात नाहीत, मिस्त्री."

"नाहीत."

जबडे बसवून त्यांनी ते जवळजवळ मिटवले, मधल्या गोलाचं माप घेतलं, मग खुंटाचं घेतलं. "खुंट दोन सूत बारीक कर."

हेमलताला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "बारीक? दात नाहीत, त्यात खुंटही बारीक केला, तर धरणार कशानं?"

"कर."

पन्नास वर्षांच्या अनुभवापुढे बोलायचं काय? तिनं काठवट पुन्हा तबकडीवर चढवून खुंट सांगितला तेवढा उतरवला. मिस्त्रींनी तो जबड्यांत ठेवला आणि एका उजव्या हातानं, दाराची कडी लावावी तशी चावी फिरवली. जिथं ती आपणहून थांबली, तिथं सोडली. त्यानंतर जे केलं ते तिला अजिबात समजलं नाही. त्यांनी चावी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली.

"आता आतून कोर," ते म्हणाले. "मी दाढी करून येतो."

"चावी?"

"माझ्यापाशी असू दे. दुपारी येऊन बघतो."

आणि ते खरोखरच निघून गेले.

हेमलता किती तरी वेळ लेथपुढे उभी राहिली. मनात आलं, काठवट काढून ठेवावी आणि शेठना सांगावं, दुसरीकडे न्या. पण दुसरीकडे म्हणजे कुठं? ती बाजूला सरली, तोंडावर जाळी चढवली आणि लेथ सर्वांत कमी वेगावर सुरू केला. काठवट फिरू लागली. ती सुटली नाही. तिनं पटाशी टेकवून एक बारीक काप घेतला, मागे सरून पाहिलं. मग दुसरा घेतला.

पाच-सहा काप झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की काहीतरी वेगळं आहे. इतके महिने पटाशी लावली की लाकूड थरथरत असे. ती थरथर दांड्यातून कोपरापर्यंत चढे, आणि तिला वाटे लाकडाचा स्वभावच तो. आज थरथर नव्हती. पिठाच्या जात्यासारखा एकच सलग आवाज होता आणि शिवणीच्या फिकट पिवळ्या चोया लांबच्या लांब सुटून तिच्या पायांवर पडत होत्या. तिनं वेग वाढवला. नंतर आणखी थोडा वाढवला.

दुपारी मिस्त्री गुळगुळीत दाढी करून आले. त्यांनी लेथ थांबवायला लावला आणि चावी घालून पाहिली. ती केसभर फिरली असेल नसेल. "हं," म्हणून ती पुन्हा खिशात गेली.

दिवस मावळायच्या आत काठवट आतून पुरी झाली. कड अंगठ्याएवढी जाड, तळ किंचित खोलगट. कुठं चीर नाही, ओरखडा नाही. हेमलतानं लेथ बंद केला आणि चोयांच्या ढिगातच खाली बसली. आपले दात दिवसभर एकमेकांवर आवळलेले होते, हे तिला ते सैल झाल्यावर कळलं.

मिस्त्री तिच्याशेजारी स्टुलावर टेकले. लाकडावर खुणा करायला ठेवलेला गेरू त्यांनी वाटीत कालवून आणला होता. कोनाड्यातला तिचा एक चिरलेला वाडगाही बरोबर होता.

"काठवट उतरव आणि ते दातांचे जबडे चढव," ते म्हणाले आणि खिशातली चावी तिला दिली. "आतून गेरू लाव. यात हा वाडगा हलकेच धर आणि सोडव."

तिनं तसं केलं. वाडग्याच्या खुंटावर लाल खुणा उमटल्या.

"मोज."

"आठ आहेत."

"आता गुळगुळीत जबडे चढव. तसंच कर, काठवटीला."

काठवट सोडवून तिनं उलटी केली. खुंटाभोवती सगळीकडून लाल रेघ उमटली होती, एक सबंध वर्तुळ. जबड्यांच्या चार फटींपुरतं काय ते कोरं लाकूड दिसत होतं.

मिस्त्री सावकाश बोलू लागले. "प्रत्येक जबड्याची एक गोलाई ठरलेली असते. तेवढाच खुंट दिला की तो अंगभर टेकतो. त्याहून मोठा दिला की जबडा फाकतो आणि नुसते कोपरे टेकतात. एका जबड्याचे दोन, चार जबड्यांचे आठ. बाकी सगळी पोकळी. तू अंगातलं सगळं बळ त्या आठ टोकांवर देत होतीस. टोकावर बळ दिलं की ते धरत नाही, रुततं. जिथं रुततं तिथं लाकूड चिरतं. आणि चिरलं नाही, तर वेग वाढल्यावर निसटतं. पकड जोरावर नसते, पोरी. किती अंग टेकलंय, त्यावर असते. म्हणून जबडे आधी निवडायचे. चावी मग एका हातानंही पुरते."

हेमलता त्या वर्तुळाकडे पाहत राहिली. मग तिच्या मनात एक प्रश्न उभा राहिला आणि तो विचारायची तिला भीती वाटली. "म्हणजे त्या दिवशी... तो वाडगा सुटला तेव्हा..."

मिस्त्रींनी गेरूची वाटी खाली ठेवली, बोटं धोतराला पुसली.

"त्या दिवशी जबडे मी बसवले होते," ते म्हणाले. "तू यायच्या आधी. छोटे चढवले. मोठे पेटीच्या तळाशी होते, वरचं सगळं उपसायचा कंटाळा केला. तुझ्या हाती नुसती चावी आणि पटाशी दिली. अंथरुणावर पडलो असताना तो वाडगा मागवून घेतला आणि बघितला. आठ खुणा. तुझा हात चुकला नव्हता, हेमा. माझा चुकला होता."

बाहेर रस्त्यावरून शाळेतली मुलं ओरडत गेली.

"चार महिने, मिस्त्री," ती शेवटी म्हणाली. "चार महिने मला घास गोड लागला नाही. तुमच्या खांद्याकडं बघवत नव्हतं मला."

"ठाऊक आहे. रोज सकाळी उठून ठरवत होतो, आज सांगायचं. पण पन्नास वर्षांत 'चुकलो' म्हणायची वेळ आली नव्हती, त्यामुळं जीभ वळेना. तू त्या नळीवर लोंबकळायचीस, लाकडं फुटायची आणि मी गप्प बसायचो. ते खांद्यापेक्षा जास्त दुखायचं."

"मग आज?"

"आज कट् वाजलं ना. म्हटलं, माझ्या लाजेपायी आता त्या म्हातारीची काठवट फुटणार."

"पण मग सकाळीच का नाही सांगितलंत? चावी घेऊन निघून गेलात."

"आधी सांगितलं असतं, तर तू माझ्या शब्दावर विसंबून कोरलं असतंस. तुझ्या हाताला स्वतःहून कळायला हवं होतं." मिस्त्री त्या दिवसात पहिल्यांदाच किंचित हसले. "आणि खरं सांगू? धीर गोळा करायचा होता. न्हाव्याच्या खुर्चीत बसून तेच केलं. मीसुद्धा ती चूक अशीच आवळून धरली होती. एका टोकावर."

हेमलताला रागावायचं होतं. रागावण्यासारखं होतंही. पण छातीवरून एवढं मोठं ओझं उतरलं होतं की रागाला धरायला जागाच उरली नव्हती. ती पदरानं डोळे पुसू लागली, पुसता पुसता हसू लागली, आणि हसू आवरेना तेव्हा तिनं उगाचच चोया गोळा करायला घेतल्या. त्या संध्याकाळी तिनं भावाला फोन केला आणि सांगितलं, काम बघू नकोस.

दोन दिवसांनी खुंट उतरवून, बूड सपाट करून, तीन वेळा तेल पाजलेली ती काठवट घेऊन दोघं शेठच्या घरी गेले. अव्वा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. सुनेनं काठवट तिच्यापुढे ठेवली. अव्वानं डाव्या हातानं कड चाचपली, तिला एकदा पुढे ढकलून पाहिलं. काठवट जागची हलली नाही.

सुनेनं जोंधळ्याचं पीठ घातलं, ऊन पाणी ओतलं. अव्वानं डाव्या हातानं उजवा हात उचलून पिठात ठेवला. बोटं थोडी मिटली. मग उघडली. पुन्हा मिटली. कपाळावर घाम आला, तरी तिनं हात काढला नाही. पिठाचा गोळा हळूहळू एक होऊ लागला, तशी अव्वा सुनेकडे न पाहता म्हणाली, "आणखी थोडं पाणी घाल. कोरडं आहे."

चन्नप्पा शेठ घाईघाईनं उठून परसदारी गेले.

भाकरी एका बाजूनं जाड झाली आणि कडेला फाटली. शेठ परत आल्यावर अव्वानं ती चौघांना तोडून दिली. मिस्त्रींनी आपला तुकडा मिरचीच्या ठेच्याशी खाल्ला आणि हेमलताचा उरलेलाही मागून घेतला.

निसटणारी वस्तू असो वा माणूस, मुठीचा जोर वाढवण्याआधी आपण त्याला किती अंगानं टेकलो आहोत, हे पाहिलेलं बरं. मिस्त्रींनी हे कधी असं शब्दांत सांगितलं नाही. हेमलतालाही ते कुणी सांगायची गरज उरली नव्हती. परतीच्या वाटेवर, बाजाराच्या कोपऱ्याशी आल्यावर, ती एवढंच म्हणाली, "मिस्त्री, उद्यापासून जबडे मी निवडणार."

"निवड," मिस्त्री म्हणाले. "आणि कधी मी बसवलेले असले, तर तेही तपासून घेत जा."